मुठीतला वाफसा

मंचरच्या डॉक्टरनं सारजाबाईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, वर काळा चष्मा चढवला आणि सांगितलं, की पंधरा दिवस धुरात जायचं नाही, टीव्ही बघायचा नाही आणि काही झालं तरी खाली वाकायचं नाही. सारजाबाई म्हणाली, बाकीचं जमवते. पण वाकायचं नाही हे सांगायला तुम्हाला एवढी शाळा कशाला शिकावी लागली, ते मला लहानपणापासून येतं. डॉक्टर हसला. सून तेजस्विनी हसली नाही. सासूच्या बोलण्यावर हसायचं की गप्प राहायचं हे ठरवायला माणसाला थोडा वेळ लागतो, आणि तिला महाळुंगे पडवळात येऊन चारच वर्षं झाली होती.

ऑपरेशनला मुहूर्तही असा लागला, की ऐन लागणीचा. कांद्याचं रोप वीतभर उभं, कालव्याला पाणी सुटलेलं, आणि सात घरांची सावड दोन दिवसांवर आलेली. सावड म्हणजे आज सातही घरच्या बाया माझ्या रानात, उद्या सातही घरच्या तुझ्या. बाहेरची टोळी नको, तिची वाट बघणं नको. शिवाय उसात बिबट्या असतो, एकट्यादुकट्या बाईनं रानात वाकून बसायचे दिवस आता राहिले नाहीत. ही सावड सारजाबाईच्या सासूनं घातली आणि जाताना सारजाबाईच्या हाती दिली. तेव्हापासून कोणाचं रान कोणत्या दिवशी घ्यायचं ते सारजाबाई ठरवायची, आणि तिची रीत एकच होती. पाणी दिलेल्या रानात उतरायचं, मूठभर माती उचलायची, दाबायची, मूठ उघडायची. माती तळव्याला चिकटून बसली तर रान अजून ओलं. भुगा होऊन सांडली तर रान सुकलं. आणि गोळा धरून बोट लावताच मोकळी झाली, तर वाफसा आला. रोप घ्या आणि उतरा. सारजाबाईनं वाफसा म्हटलं की वाफसा. तिच्या मुठीवर तीस वर्षांत कोणी उलट बोललं नव्हतं. निदान तोंडावर तरी नाही.

आता ती मूठ आली तेजस्विनीकडं. पोरगी कळंबची, बी.कॉम. झालेली, कामाला वाघ; पण बायांच्या लेखी अजून नवी नवरीच. सारजाबाई तिला निघताना म्हणाली होती, की मातीत हात घालताना तोंडावर शंका दिसली तर त्या सहाजणी तुला कच्ची खातील, मग बिबट्याला काही उरायचं नाही.

स्वतः सारजाबाई पुढच्या खोलीत खाटेवर. तिचा नवरा हौशीराम चार वेळा डोळ्यात थेंब घालायचा, आणि पहिल्या दिवशी त्यानं ते इमानेइतबारे उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यात घातले होते. त्यावरून तिनं त्याला दोन तास पुरेल एवढं सुनावलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. म्हातारा गोठ्यात गेला, सून रानात निघाली, मुलगा अमृत चाकणला कंपनीत. तेजस्विनीला सासूची दया आली असावी, किंवा म्हाताऱ्याची आली असावी. तिनं आपला जुना फोन सासूच्या उशाशी ठेवला. अमृत कंपनीच्या बसमध्ये जाता-येता एक पुस्तक ऐकायचा. त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. वाचायचं नाही, नुसतं ऐकायचं, एक माणूस सगळं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतो. तेच तिनं लावून दिलं आणि म्हणाली, आई, टीव्ही नको तर हे ऐका, वेळ जाईल.

फोनमधला माणूस गोड आवाजाचा होता. घरी लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाव्हण्यासारखा बोलायचा, सावकाश, अदबीनं. म्हणाला, या पुस्तकात आपण अस्सल नेतृत्व म्हणजे काय ते समजून घेऊ. पहिला भाग, दृष्टी.

सारजाबाईची शाळा दुसरीपर्यंत. पण मंचरला दवाखान्याची पाटी तिनं अक्षर अक्षर जुळवून वाचली होती, आणि तिच्यावर पहिलाच शब्द होता नेत्र. तपासणीच्या कागदावर नेत्र, थेंबाच्या पिशवीवर नेत्र. तेव्हा पाव्हणा नेतृत्व म्हणाला आणि तिला ऐकू आलं नेत्रत्व. तिनं ताडलं, की हे दवाखान्यानंच दिलंय. हल्ली कागद देत नाहीत, फोनवरच सगळं सांगतात. आणि ती कान देऊन ऐकायला लागली, कारण डोळा तिचा होता.

सांगणं बहुतेक पटण्यासारखं होतं. पाव्हणा म्हणाला, दूरदृष्टी एका दिवसात येत नाही, धीर धरा. डॉक्टरही हेच म्हणाला होता. पाव्हणा म्हणाला, समोरचं स्पष्ट दिसत नसेल तर पाऊल उचलू नका. तेवढ्यात हौशीरामनं गोठ्यातून हाक मारली, की जरा येतेस का. सारजाबाईनं बसूनच सांगितलं, की मला पाऊल उचलायला मनाई आहे. पाव्हणा म्हणाला, दुसऱ्याच्या नजरेनं बघायला शिका. हे काही तिला नीट कळलं नाही. नेत्रदानाचं असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

सावडीचा पहिला दिवस सोनीबाईच्या रानात बरा गेला. दुसऱ्या दिवशी साळुबाईचं रान होतं. त्या दिवशी तेजस्विनी दुपारीच घरी आली, हातपाय न धुता उंबऱ्यात बसली, आणि सारजाबाईला काळ्या चष्म्यातूनसुद्धा दिसलं, की काहीतरी मोडलंय.

मोडलं होतं ते असं. तिसरी पाळी सरूबाईची. सरूबाई म्हणजे सारजाबाईची चुलत जाऊ, बांधाला बांध. तिनं भर वाफ्यात सगळ्यांना सांगितलं, की उद्या माझ्या रानात कोणी येऊ नका, मी राजुरीहून माझ्या भावाला, गेणभाऊला, टोळी पाठवायला सांगितलीय. आणि पुढं कधीच येऊ नका, मी सावडीतून निघाले. ते ऐकून साळुबाई म्हणाली, मग आपणही विचार करू. आणखी दोघींनी माना हलवल्या. सातातली चार घरं गेली की उरते ती सावड नव्हे, भिशीसुद्धा नव्हे. तेजस्विनीला रडू येत नव्हतं, तिला लाज वाटत होती. ती एवढंच म्हणाली, की गावात आता म्हणतील, सासू खाटेवर पडली आणि तिसऱ्या दिवशी सुनेनं सावड मोडली.

सारजाबाईनं सरूबाईला तिथूनच फैलावर घेतलं. जाऊ दे म्हणाली, गेल्या सालापासून तोंड वाकडं करून फिरतेय, तिच्यावाचून कोणाचे कांदे अडत नाहीत. तिच्या माहेरचा तोरा काढला, तिच्या टोळीतल्या बाया रोपं उलटी लावतील असा शाप दिला. तेजस्विनी ऐकत राहिली. मग उठून तोंड धुऊन पुन्हा साळुबाईच्या रानात गेली, कारण आजचं रान तरी अर्धं ठेवून चालणार नव्हतं.

घर रिकामं झालं. सारजाबाईनं रागारागानं फोनचं बटण दाबलं. पाव्हणा जिथं थांबला होता तिथून पुढं निघाला.

म्हणाला, प्रत्येकाच्या दृष्टीत एक आंधळा कोपरा असतो. तिथं काय आहे ते आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही. पण आपल्या जवळच्या माणसाला तो बरोबर माहीत असतो. त्याला विचारा. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.

सारजाबाईनं बटण दाबून पाव्हण्याला थांबवलं. म्हणजे ऑपरेशनात काहीतरी राहिलं होतं. तिनं चष्मा काढला, एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. कोपऱ्यातली कणगी दिसली. उंबऱ्यातली चप्पल दिसली. दारातली शेळी दिसली, तिनं खाल्लेली तुळस दिसली. कुठंच काळं दिसेना. पण पाव्हणा म्हणालाच होता, की आपलं आपल्याला दिसत नाही. चहाच्या वेळेपर्यंत ती जीव मुठीत धरून बसली.

तेजस्विनी आली, चुलीवर नाही, गॅसवर चहा टाकला, कप आणून दिला. सारजाबाईनं तिला खाटेवर शेजारी बसवलं. असं ती सहसा करत नसे.

"तेजा, खरं सांग," ती म्हणाली. "माज्या नजरेत आंधळा कोपरा कुठंय? तू घरचं मानूस हाय, तुला ठावं असंल. मी मधे बोलनार नाय."

तेजस्विनीनं ते पुस्तक ऐकलेलं होतं. अमृतनं तिलाही हेच विचारलं होतं, आणि तिनं सांगितलेलं उत्तर ऐकून तो दोन दिवस फुगून बसला होता. तिनं चहाचा घोट घेतला. सासूकडं बघितलं. सासू खरंच थांबली होती.

"सांगू?"

"सांग की."

"सरूकाकी."

सारजाबाईला वाटलं, पोरीला कामाचा शीण चढलाय. सरू हिच्या डोळ्यात कशी शिरेल? पण मधे बोलायचं नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांच्या रानात उतरून माती उचलता," तेजस्विनी म्हणाली. "मी आल्यापासून बघते. सरूकाकीच्या रानात कधी उतरत नाही. बांधावर उभं राहून लांबूनच सांगता, आला वाफसा. तिकडं बघतसुद्धा नाही."

मग ती थांबली. उत्तर पूर्ण झालं होतं. आता बोलायला हरकत नव्हती. सारजाबाई म्हणाली, ते ऱ्हाऊ दे, डोळ्याचं काय ते सांग. तेजस्विनीनं विचारलं, कसला डोळा? आणि मग सगळा उलगडा झाला. नेत्र नव्हे, नेतृत्व. पुढारीपण. दहा माणसं बरोबर घेऊन चालणाऱ्यानं कसं वागावं त्याचं ते पुस्तक होतं. तेजस्विनी हसली, म्हणजे हसली, चहा नाकात जाईपर्यंत हसली. सारजाबाई मात्र तापली, की तीन दिवस मी पुढाऱ्याचं भाषण ऐकलं आणि वर दूरदृष्टीसाठी गाजरंही खाल्ली. हौशीराम काय झालं म्हणून डोकावला आणि परत गेला.

हसू ओसरल्यावर सरूबाई तिथंच राहिली, दोघींच्या मधे, खाटेवर.

सारजाबाईनं मग सुनेला सांगितलं. चार वर्षांपूर्वी वाफसा होता. सरूबाईच्या रानात त्या दिवशी असा वाफसा होता, की माती मुठीत लोण्यासारखी मोकळी झाली. आणि सारजाबाई म्हणाली, ओलं आहे, थांबा. कारण शुक्रवारी कळंबचे पाव्हणे यायचे होते, तेजस्विनीचं जमवायला, आणि तिनं त्यांना आधीच ऐकवलं होतं, की आमची लागण गावात पहिली असते. म्हणून सरूबाईची पाळी मागं टाकून बाया हिच्या रानात उतरल्या. मग कालव्याचं पाणी बंद झालं. सरूबाईचं रोप बारा दिवस वाफ्यात थकलं, आणि थकलेलं रोप लावल्यावर व्हायचं तेच झालं. कांदा पोसायचा सोडून रानभर डेंगळे आले, फुलांचे दांडे, पांढरे, लांबून दिसणारे. सरूबाईला वाटलं बियाणं खोटं. बी तिच्या भावानं दिलेलं. ती राजुरीला जाऊन गेणभाऊला नको नको ते बोलून आली. मग गेल्या साली तिनं त्याच्याकडचंच बी पुन्हा टाकलं, वेळेवर लावलं, आणि एक डेंगळा आला नाही. तेव्हा तिला काय कळलं असेल ते कळायला पुस्तक लागत नव्हतं.

तेजस्विनीनं रिकामे कप एकात एक ठेवले. मग म्हणाली, "माझ्या बाबांनी तुमचं रान बघितलंच नव्हतं. ते येतानाच फोनवर बोलत आले आणि जाईपर्यंत बोलत होते."

"मंग तुमी हो कशाला म्हनलात?"

"मी म्हटलं. सगळे बघायला यायचे ते विचारायचे, स्वयंपाक येतो का. तुम्ही विचारलंत, भांडता येतं का."

सारजाबाईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन जरा वर आल्यावर ती सुनेचा दंड धरून निघाली. सरूबाई बांधावर टोळीची वाट बघत उभी होती. साळुबाई आणि बाकीच्याही तिथंच होत्या. कामाला नाही आल्या, बघायला आल्या. सारजाबाई बांधापाशी नेहमीसारखी थांबली नाही. खाली उतरली. चार वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय त्या मातीला लागले. वाकायचं नव्हतं, म्हणून तेजस्विनी वाकली आणि तिनं मूठभर माती सासूच्या तळव्यावर ठेवली. सारजाबाईनं दाबली, उघडली. बघायची गरज नव्हती.

"वाफसा हाय," ती म्हणाली.

"ते मला बी कळतं," सरूबाई म्हणाली.

"चार वरसांमागं बी व्हता. मी नाय म्हनलं. माज्याकडं पावनं यायचं व्हतं, माजं रान आधी लागलेलं दिसावं म्हनून." एवढं बोलून तिला दम लागला, पण अजून एक राहिलं होतं. "गेणभाऊच्या बियात खोट नव्हती. खोट माज्या मुठीत व्हती."

साळुबाईनं तोंडाला पदर लावला. सारजाबाईला वाटलं होतं, सरू शिव्या देईल. शिव्यांना उत्तर द्यायला तिच्याकडं शिव्या तयार होत्या. पण सरूबाई हळूच बोलली, आणि ते जड गेलं.

"दोन भाऊबीजा मी त्याला ववाळलं नाय, जाऊबाई. त्या कुठनं आनून देनार?"

पाव्हण्यानं याचं काही सांगितलेलं नव्हतं. सारजाबाई मनात सगळं पुस्तक चाळून आली. मग म्हणाली, "नाय देता येनार."

सरूबाईनं पदर खोचला. टोळीचा टेम्पो राजुरीहून सुटला होता, आता तो परत पाठवणं भावाला शोभलं नसतं. तिनं तिथल्या तिथं वाटणी केली. खालचं रान टोळी लावेल, वरचं सावड. आणि यंदा जाऊबाईंचं रान सगळ्यांत शेवटी. सारजाबाई यावर काहीतरी बोलणार होती. तेजस्विनीनं तिचा दंड किंचित दाबला, आणि ती बोलली नाही. मग तेजस्विनी बायांकडं वळून म्हणाली, की आजपासून ज्याचं रान त्यानं मूठ उचलायची नाही, दुसऱ्या घरच्या बाईनं उचलायची. आमच्या घरालाही तेच. हे पुस्तकात नव्हतं. साळुबाईनं विचारलं, हे कोणी ठरवलं? तेजस्विनी म्हणाली, मी. आणि रोपांच्या जुड्या सोडायला बसली. थोड्या वेळानं साळुबाईही बसली.

सावड पुढं चालली. भांडणं झाली, ती व्हायचीच. एकीनं रोपं दाट लावली, एकीनं पातळ. सारजाबाई रोज बांधावर खुर्ची टाकून बसायची आणि सगळ्यांना चुका सांगायची. फोन मांडीवर असायचा. बाया मुद्दाम विचारायच्या, आज पुढारी काय म्हनतोय? ती म्हणायची, कामाकडं बघा म्हनतोय.

नवव्या दिवशी तिचं रान आलं. रोप थकायला लागलं होतं, शेंडे पिवळे पडत होते. आणखी चार दिवस गेले असते तर चैत्रात तिच्या रानात डेंगळे उभे राहिले असते आणि गावानं ते मोजले असते. तेजस्विनीच्या नियमानं मूठ उचलायची होती दुसऱ्या घरच्या बाईनं. सगळ्या सरूबाईकडं बघायला लागल्या.

सरूबाई सावकाश उतरली. रानाच्या मधोमध गेली. माती उचलली, दाबली, मूठ तशीच मिटलेली ठेवून बांधापाशी आली.

"वाफसा नाय," ती म्हणाली. "वल लई हाय. चार दिस थांबा."

तेजस्विनीनं सासूकडं बघितलं. सारजाबाईनं जन्मभर मातीवर पाय ठेवून ओल ओळखली होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिला तळव्यांतून कळत होतं, की रान आत्ता, याच घडीला, तयार आहे. जिभेवर काय काय आलं ते तिलाच ठाऊक. तिनं ते सगळं गिळलं.

"बरं," ती म्हणाली.

सरूबाईनं मूठ उघडली. गोळा तळव्यावर गोल बसला होता. तिनं एक बोट लावलं आणि माती मोकळी होऊन ओघळली.

"उतरा गं सगळ्या," ती म्हणाली. "मी नुसतं बघत व्हते, जाऊबाईला बरं म्हनता येतं का."

"येतं की," सारजाबाई चष्मा सारखा करत म्हणाली. "डॉक्टरनं वाकू नको सांगितलंय. बरं म्हनू नको, असं कुटं सांगितलंय?"